तुळसाचं ओलेतं

घरातले उंदीर गप्प झाले तेव्हा तुळसा पहिल्यांदा घाबरली.

१८९७ सालचा फाल्गुन होता. मुंबईत गाठीच्या तापाने माणसं मरत होती आणि तिथून पळालेली माणसं आगगाडीने ठाण्याला, कल्याणला उतरत होती. कल्याणच्या बाजारात आधी उंदीर मेले, मग माणसं, ही बातमी ठाण्याच्या खाडीकाठच्या आगरी गावांत केव्हाच पोचली होती. त्यामुळे आढ्यावर उंदीर खुडबुडले की घरच्या बाईला बरं वाटे. तुळसाच्या आढ्यावर काहीच वाजत नव्हतं. तिने कोपरे झाडले, चुलीमागे हात घातला, उपड्या पाट्या उचलून पाहिल्या. मेलेला उंदीर सापडला नाही. घरात दाणा उरलेला नाही म्हणून ते निघून गेले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं आणि मग पुन्हा एकदा चुलीमागे पाहिलं.

तुळसा मीठ वाहणारी बाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ओल्या मिठाची पाटी, आणि वाफ्यांमधल्या निसरड्या बांधावरून ढिगापर्यंतची वाट. हेच तिचं काम, लग्नाआधीही आणि लग्नानंतरही. मिठाच्या पाण्याने तिच्या टाचांना खोल भेगा पडल्या होत्या. नवरा धाकू वाफ्यात उतरून फळीने मीठ ओढायचा. एवढ्यावर दोघांचं आणि लहानग्या शालूचं चाले.

त्या वर्षी मीठ पिकलं, पण ते न्यायला खाडीतून माल वाहणारे पडाव आले नाहीत. मुंबईहून आलेल्या पडावाला कुणी धक्क्याला लागू देईना, आणि इथला पडाव मुंबईला जाईना. मिठागराचा मालक, ज्याला सगळे शिलोत्री म्हणत, बायकामुलं घेऊन घाटावर निघून गेला. जाताना म्हणाला, मीठ उठलं की मजुरी. मिठाचे ढीग गवताने शाकारून तसेच राहिले. ऐन हंगामात गाव रिकाम्या हाताने बसलं.

धाकू मग खाडीच्या खडकांवर कालवं काढायला जाऊ लागला. तिथेच शिंपीने त्याचा तळपाय कापला. आधी पाय सुजला, नंतर अंगात ताप भरला आणि जांघेत गाठ आली.

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते. तिला अवधाण म्हणतात. मिठागरात पाय घातलेल्या प्रत्येकाला ती कधी ना कधी आलेली असते. तुळसाला दोनदा आली होती. शेवग्याचा पाला गरम करून बांधायचा, पडून राहायचं, गाठ बसते किंवा फुटते. दुसरं कुठलंही वर्ष असतं तर तिने धाकूची चेष्टा केली असती. पण त्या वर्षी जांघेतल्या गाठीला दुसरंच नाव मिळालं होतं. तपासणीवाले गावोगाव फिरत होते. गाठ दिसली की माणसाला ठाण्याबाहेर बांबूच्या तट्ट्यांच्या छपरात नेत, घरच्यांना वेगळ्या छपरात ठेवत, आणि घराची कौलं काढून आत औषधाचं पाणी मारत. तिथे गेलेला माणूस परत आल्याचं तुळसाच्या ऐकिवात नव्हतं.

आणि याहून वाईट म्हणजे, तिला स्वतःलाच खात्री नव्हती. पाला बांधताना ती गाठ बघायची, मग पायाची जखम बघायची, मग पुन्हा गाठ. जखम लहान वाटायची, गाठ मोठी. कुणाला विचारावं तर विचारणं हेच सांगणं. तिने दार लोटून ठेवलं आणि शालूला अंगणात खेळायला सोडणं बंद केलं.

एका सकाळी शेजारची शकू दाराशी आली. "काय गो तुळसा, तुझं उंदीर माझ्या घरी वस्तीला आलंत. त्यांच्या पोटाचं काय ते धाडून दे. मी कुठून पोसू?"

तुळसाला इतकं हायसं वाटलं की तिने दाराची चौकट धरली. "ठेव तुझ्याकडंच," ती म्हणाली. "माझ्याकडं काय हाय?"

"धाकू दादूस दिसत नाय तो?"

"खाडीवर जेलाय. कालवं काढायला."

शकूने खाडीकडे पाहिलं. भरती पुरती चढली होती, खडक पाण्याखाली होते. भरतीच्या वेळी कालवं काढायला कुणी जात नाही, हे शालूलाही कळलं असतं. शकू एक पाऊल मागे सरली, मग आणखी एक, आणि घरी गेली.

तो सगळा दिवस तुळसा दाराच्या फटीतून वाटेकडे पाहत बसली.

संध्याकाळी वाटेवर गावचा दवंडीवाला दिसला. उद्या गावकीची कणगी उघडणार, असं तो ओरडत चालला होता.

ही कणगी गावदेवीच्या देवळाच्या पडवीत होती. दर सुगीला प्रत्येक घराने टोपलीभर भात तिच्यात टाकायचं आणि अडीनडीच्या वर्षी गावाने ती उघडायची. चांगल्या वर्षी तिला कुणी हात लावत नसे. भात मागणाऱ्यासाठी एकच रीत होती. घरच्या कर्त्याने तळ्यात बुडी मारायची, नुसत्या ओल्या लंगोटीवर देवीला प्रदक्षिणा घालायची आणि कणगीपुढे बसायचं. त्यानंतर त्याला कुणी काही विचारत नसे. देवीपुढे ओलेत्याने आलेला माणूस खोटं बोलत नाही, अशी समजूत होती. घरचा कर्ता मेलेला असेल तर त्याची बायको ओलेती यायची, केस मोकळे सोडून. नवरा जिवंत असताना बायको ओलेती आलेली कुणी पाहिली नव्हती. ते अशुभ होतं.

धाकूला लंगोटीवर गावापुढे उभं करणं म्हणजे सगळ्यांना गाठ दाखवणं. भात न आणणं म्हणजे शालूला आणखी एक दिवस कोंबड्यांच्या वाटणीचा पाला उकडून घालणं. रडायला लागली की पोर आता आवाजही काढत नव्हती, नुसतं तोंड उघडायची.

सकाळी धाकू तापाच्या गुंगीत होता. तुळसाने शालूला त्याच्या कुशीत निजवलं आणि त्याला काही न सांगता ती तळ्यावर गेली.

देवळापुढे निम्मं गाव होतं. ओले पुरुष एकेक करून प्रदक्षिणा घालत होते. पारावर महिपत पाटील बसला होता. तो गावकीचा पुढारी आणि गावचा पोलीसपाटीलही. कुणाला ताप आला की ठाण्याला कळवायचं, असा त्याला हुकूम होता. तुळसा ओलेती, केस सोडून आत आली तेव्हा बायकांमध्ये कुजबुज झाली आणि मग गोदूबाईचा आवाज चढला. गोदूबाई गावातली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत फटकळ.

"अगो बाय, धाकू कवा मेला? आमाला रडायला तरी बोलवायचंस! आमी काय रडायचं पैसं घेतो?"

चारदोन जणी हसल्या. तुळसा खाली बघत चालत राहिली. लुगड्याचं पाणी तिच्या भेगाळ टाचांत उतरत होतं आणि तिचे दात वाजत होते. पाणी फार गार नव्हतं.

"तुळसा, थांब," महिपत म्हणाला. "धाकू कुठं हाय?"

कामाला गेलाय, एवढंच म्हणायचं असं तिने तळ्यावर ठरवलं होतं. तोंडही उघडलं. पण समोर देवी होती आणि अंगावर ओलं लुगडं.

"विचारतोय मी. जिता हाय का नाय?"

"जिता हाय!" आवाज मागून आला.

धाकू देवळाच्या कुंपणाला धरून उभा होता. एका हातात काठी, अंगावर लंगोटी. तापातल्या अंगावर त्याने घरच्या हंड्यातलं पाणी ओतून घेतलं होतं आणि ते ठिबकत होतं. दवंडी त्यानेही ऐकली होती. जाग आल्यावर बायको दिसली नाही, तेव्हा ती कुठे गेली हे त्याला सांगावं लागलं नाही.

"मी जिता असताना माझी बायको ओलेती कशी?" तो म्हणाला. "घरी जा तू. भात मी घेतो."

पण कुणी त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. सगळे त्याच्या जांघेकडे पाहत होते. तिथे लिंबाएवढी गाठ होती, ताणलेली, लाल. माणसं मागे सरली. कुणाच्या तरी हातातलं सूप पडलं, ते उचलायला कुणी वाकलं नाही.

"अवधाण हाय ते," गोदूबाई म्हणाली. तिचा आवाज मघासारखा नव्हता.

"कशावरनं?" हा गुणाजी, शकूचा नवरा.

"पाय बघ त्याचा. कापलाय."

"तू बघ ना जवळ जाऊन. तुझं वय झालंय."

गोदूबाई जागची हलली नाही. अवधाण न आलेला एकही माणूस तिथे नव्हता आणि पुढे जाऊन पाहणाराही एक नव्हता.

"ठाण्याला कळवा, पाटील," गुणाजी म्हणाला. "लपवलं तर सगळ्या गावाला छपरात घालतील. माझं घर त्याच्या भिंतीला लागून हाय."

तुळसा महिपतकडे बघत राहिली. महिपत धाकूकडे बघत नव्हता. त्याची नजर कणगीवर होती. कळवलं तर तपासणीवाले गाव रिकामं करतील, घराघरात आणि देवळातही औषध मारतील, संशय येईल ते जाळतील. दुसऱ्या एका गावात दाण्याची पेवं जाळली, असं लोक सांगत होते. खरंखोटं कुणी पाहिलं नव्हतं. पण पडाव येईपर्यंत सगळ्या गावाचं पोट त्या एका कणगीत होतं.

"कुणी काय बोलायचं नाय," तो शेवटी म्हणाला. "धाकू, आल्या वाटेनं घरी जा. मधे कशाला हात लावू नको. तुळसा, तूपण. भात पोचंल."

भात पोचलं. टोपली अंगणाबाहेरच्या चिंचेखाली ठेवून आणणारे लांब गेले, मग तुळसाने ती उचलली. त्यांच्या मागोमाग गुणाजी आणि आणखी दोघे बाभळीच्या काट्या घेऊन आले आणि त्यांनी तिच्या अंगणाची वाट काट्यांनी बंद केली. लांब काठीने ढकलून ढकलून त्यांनी ते काम केलं. भात देणारे आणि काट्या लावणारे हात एकाच गावकीचे होते. तुळसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गुणाजीच्या जागी ती असती तर तिनेही काठी लांबच धरली असती.

भात कांडल्याशिवाय त्याचा उपयोग नव्हता. ती उखळाशी बसली. पहिली पेज शालूने भांड्याला तोंड लावूनच प्यायली. दुसऱ्या दिवशी तुळसा पुन्हा कांडत असताना वाटेवर महिपतचा आवाज ऐकू आला. गरजेपेक्षा फारच मोठा.

"या साहेब, या! आमच्या गावात ताप नाय कुणाला!"

तिचं मुसळ हातातच थांबलं. तपासणीवाले आले होते. बुटांचा आवाज जवळ येत येत काट्यांपाशी थांबला.

"हे घर बंद का?" एक परका आवाज.

"रिकामं हाय साहेब. माणसं सोयऱ्यांकडं जेली. गुरं घुसू नयेत म्हणून काट्या लावल्यात."

"कोण राहत होतं?"

"मिठागरवाला. शेजारी हाय ना हा, याला विचारा."

विचारायचं होतं ते गुणाजीला. त्याच वेळी खाटेवर धाकू कण्हला. ती उठली, धावली, त्याच्या तोंडावर हात दाबला आणि अंगाचा सगळा भार टाकून त्याला खाली दाबून धरलं. शालू कोपऱ्यातून बघत होती. तुळसाने नुसत्या डोळ्यांनी तिला गप्प केलं.

बाहेर गुणाजी खाकरला. "व्हय," तो म्हणाला. "जेलीत ती. कवाची."

धाकू हाताखाली झटके देत होता. तिला वाटलं, ताप डोक्यात चढला. तिने आणखी जोर लावला. त्याची किंकाळी तिच्या तळहातात अडकली आणि तिच्या गुडघ्याखाली काहीतरी फुटून ऊन पाणी पसरलं. तिचा गुडघा त्या गाठीवर होता.

बुटांचा आवाज लांब गेला. तरी ती तशीच राहिली. बऱ्याच वेळाने तिने हात काढला, तेव्हा तळव्यावर त्याच्या दातांच्या खुणा होत्या. लुगड्याला पू आणि रक्त लागलं होतं. घाण वास येत होता. तो वास तिला ओळखीचा होता. तिची स्वतःची गाठ फुटली होती तेव्हा असाच आला होता. गाठीच्या तापातली गाठही कधी कधी फुटते, हे तिला माहीत नव्हतं, आणि त्या दिवशी ते माहीत नसणंच बरं होतं. ती जमिनीवर बसली.

धाकू वाचला. तो काठीशिवाय गावाच्या शिवेपर्यंत जाऊन आला, तेव्हा गावकीने काट्या काढल्या. पावसाच्या तोंडावर पडाव आले आणि मीठ उठलं. पुढच्या हिवाळ्यात गाठीचा ताप गावात खरोखरच आला. त्यात महिपत पाटील गेला आणि शकूही गेली.

तुळसा पुष्कळ वर्षं जगली. मिठागरात काम करत राहिली, सुगीला कणगीत टोपली टाकत राहिली, शालूचं लग्न तिने डोंबिवलीच्या बाजूला करून दिलं. पण बायको ओलेती आली होती, हे गाव विसरलं नाही आणि धाकूही विसरला नाही. भांडण कुठल्याही गोष्टीवरून सुरू होवो, पाटी, कोंबडी, जावई, शेवट त्याच जागी यायचा.

"तू जेलीसच कशाला?" धाकू म्हणायचा.

"आनि तुमी आलातच कशाला?" तुळसा म्हणायची.