नाहूरच्या चढावरची कॉइल

मुलुंडच्या बाजारात आज कोळणीने टोपलीवरचं ओलं गोणपाट बाजूला केलं आणि त्या वासासरशी मी वीस वर्षं मागे, नाहूरच्या पुलाच्या चढावर जाऊन पोचलो.

माझ्या उघड्या ट्रेलरवर सात टनांची पोलादी कॉइल, म्हणजे पत्र्याची भलीमोठी गुंडाळी होती. निघताना घाईत तिला आवळलेल्या साखळ्या ठोकून बघायच्या राहिल्या होत्या. मागून हॉर्न देत आलेली रिक्षा पुढे येऊन आडवी झाली. आतून एक कोळीण ओरडली, "थांब रे मेल्या, थांब!"

कट लागला म्हणून भांडायला आली असेल, असं वाटून मी लोखंडी दांडा घेऊनच उतरलो. "ए बाई, रिक्षा बाजूला घ्यायला सांग!"

"आधी मागे बघ!" म्हणत ती धावली. एक साखळी सुटून रस्त्यावर लोळत होती, उरलेली करकरत होती.

भांडायला उचललेल्या दांड्यानेच मी सुटलेली साखळी अडकवून आवळली. हात घामाने निसटत होते. ट्रेलरमागे ती दोन्ही हात पसरून गाड्या अडवत होती.

तेव्हा मला फक्त माझी नोकरी दिसत होती. आज कळतं, कॉइल घरंगळली असती तर पहिली तीच सापडली असती. आणि ती कॉइलकडे पाठ करून उभी होती.