बाराव्या अक्षरानंतरचा थांबा

भवानी पेठेतले चन्नवीरअण्णा मागेल त्याला मंगलाष्टकं लिहून देतात, पण घाई करणाऱ्याला दारातूनच परत पाठवतात. चाळीस वर्षं त्यांनी चादरीच्या मागासाठी नक्षीचे पुठ्ठे पाडले. पुठ्ठ्यात एक भोक चुकलं की पुढच्या प्रत्येक चादरीत तेच चुकतं. तरुणपणी त्यांच्या हातून असं एकदा झालं आणि दोनशे चादरींवरचे मोर बिनडोळ्यांचे निघाले. पेठेत काही घरांत त्या चादरी अजून आहेत. तिथं गेले की अण्णा पलंगाकडे बघत नाहीत.

मंगलाष्टकाचं वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत एकोणीस अक्षरं, कुठलं लघु, कुठलं गुरू ते ठरलेलं, आणि बारा अक्षरं झाली की थांबून श्वास घ्यायचा. हल्ली लोक फोनवरून काहीही उतरवतात आणि चालीत कोंबतात. अण्णा मात्र अजून बोटांच्या पेरांवर मोजत बसतात.

माझी भाची महेश्वरी हिचं लग्न ठरलं. तिची आई, माझी बहीण धनलक्ष्मी, दोन वर्षांपूर्वी गेली. पोरीचं मागणं एकच होतं, अक्षता पडताना आईचं नाव कानावर यावं. मी अण्णांना सांगून आलो. आठ दिवसांनी त्यांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, नाव बसत नाही.

माझं डोकंच फिरलं. माणूस गेलंय आणि हे अक्षरं मोजतायत. कोण ऐकतंय एवढं, घाला की सरळ, असं मी बोलून गेलो.

अण्णा शांतपणे म्हणाले, "आरं बसू, ओळीत एकच जागा हाय त्या नावाला. आन् थांबा नेमका नावाच्या मधी येतोय. 'धनल' म्हणून दम घ्यायचा, मग 'क्ष्मी'. तुज्या बहिणीच्या नावाचं दोन तुकडं मी न्हाय करणार."

मग त्यांनी विचारलं, ती दिवसभर काय करायची? मी तुटकपणे सांगितलं, चादरीच्या टोकाच्या सुट्या धाग्यांना गाठी मारायची, त्यावरच घर चाललं. त्यांनी मान हलवली. महेश्वरीला काय सांगायचं ते मला कळेना, म्हणून मी काहीच सांगितलं नाही.

अक्षतांच्या वेळी मामा म्हणून मी तिच्या मागं उभा होतो. मंगलाष्टकं अण्णा स्वतःच म्हणत होते. दोन कडवी झाली, आईचा उल्लेख नाही. तिची मान खाली गेली. मला अण्णांचा भयंकर राग आला. तेवढ्यात त्यांनी पुढची ओळ उचलली.

"गाठी बांधत जी घरास जगवी"

आणि थांबले. बायकांच्या घोळक्यात शांतम्मा होती, वीस वर्षं धनलक्ष्मीच्या शेजारी बसून गाठी मारलेली. तिच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "आमची धनलक्ष्मी."

अण्णा म्हणजे लयीला इतका पक्का माणूस, पण त्या थांब्यावर थांबूनच राहिला. महेश्वरीनं मान वर करून शांतम्माकडे पाहिलं. मग अण्णांनी ओळ पुरी केली, "येथेच आहे उभी."

मुठीतल्या अक्षता टाकायच्या माझ्याकडून राहूनच गेल्या.