पाटावरची पृथ्वीप्रदक्षिणा

जगातल्या यच्चयावत देशांचं जेवण आमचे मावसोबा जेवले होते, आणि तेही वाटूरची शीव न ओलांडता. अगदीच ओलांडली नाही म्हटलं तर ती थाप होईल, आणि थापा मारण्याचा हक्क या लेखात फक्त त्यांचा आहे. कापूस घेऊन ते जालन्याला जात, चतुर्थी गाठून राजूरच्या गणपतीला जात, आणि एकदा कोर्टाच्या साक्षीसाठी परभणीला जाऊन दुसऱ्या दिवशी चिडून परत आले होते. एवढाच त्यांचा प्रवास. बाकी इराण, काबूल, रूस, चीन, मिसर आणि विलायत हे मुलूख त्यांनी पाटावर मांडी घालून पालथे घातले.

मी वाटूरच्या मदरशात मास्तर म्हणून लागलो तेव्हा (निजामाच्या अमलात शाळेला मदरसाच म्हणायचे) सख्खी मावशी गावात असताना दुसरीकडे राहण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच दिवशी पानात भाकरी पडली. ती एका अंगानं तव्यासारखी काळी होती आणि दुसऱ्या अंगानं अजून पीठच होती. मी तिच्याकडे पाहत बसलो. मावसोबांनी आपल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, ही काबुली भाकर. तिकडं डाग पडल्याबगर तोंड लावत न्हाईत." दुसऱ्या दिवशी वांगी कच्ची निघाली, तेव्हा चीन झाला. चिनी लोक म्हणे भाजीला शिजवून मारत नाहीत, नुसती विस्तवाची भेट घालून देतात. तिसऱ्या दिवशीच्या वरणात मिठाचा कण नव्हता, म्हणून ते विलायती वरण ठरलं, कारण साहेबाला मीठ वरून भुरभुरायची सवय. चौथ्या दिवशी कढीत मीठच मीठ होतं. तेव्हा कळलं की रूस देशात थंडी अशी बेफाम असते की कढीत मीठ कमी पडलं तर ती ताटात गोठते आणि चमच्याऐवजी कुऱ्हाड घ्यावी लागते.

नुसतं सांगून भागायचं नाही. देश ठरला की मावसोबा उठून आपला पाट त्या देशाच्या दिशेला वळवत. काबूल असेल तर तोंड उत्तरेला, चीन असेल तर पूर्वेला, विलायत असेल तर पश्चिमेला, म्हणजे थेट गोठ्याकडे. मावशी स्वयंपाकघरातून डोकावून पाटाचं तोंड पाहायची आणि आज आपण कुठलं रांधलं ते समजून घ्यायची. दक्षिणेकडे तोंड करून जेवू नये असा आपल्यात शिरस्ता, त्यामुळे सिंहल बेटाचं जेवण मात्र त्या घरात कधी झालं नाही. मी एकदा खोडसाळपणे विचारलं, की तिकडचे लोक काहीतरी खातच असतील ना? तर म्हणाले, "खात असतील. पण आपल्याला काय करायच्यात भलत्या चौकशा."

ही विद्या त्यांनी मिळवली होती देशमुखांच्या दरवाजावरच्या अरब पहारेकऱ्याकडून. तो पहारेकरी स्वतः कदीम, म्हणजे जुन्या, जालन्यात जन्मलेला, आणि त्याला सगळ्यात प्रिय काय, तर अंबाडीची भाजी. पण त्याचा आजा अरबस्तानातून आलेला, एवढं मावसोबांना पुष्कळ झालं. उरलेलं ते स्वतःच्या अकलेनं भरून काढत, आणि ती अक्कल अफाट होती. गंमत अशी, की चांगल्या जेवणात त्यांचं मन रमत नसे. राजूरला एका नातेवाइकांकडे आम्ही जेवलो. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, बोटं चाटावीत असं सगळं. बाहेर आल्यावर मावसोबा पडेल चेहऱ्यानं म्हणाले, जेवण बराबर होतं, पण त्याच्यावर बोलण्यासारखं काहीच नव्हतं.

तीन आठवड्यांत माझ्या पोटानं सगळ्या देशांशी एकदम लढाई पुकारली. मी हळूच दुसरीकडे खोली पाहायला लागलो. ही बातमी मावसोबांना लागली, आणि ते मला शेत दाखवायच्या निमित्तानं बांधावर घेऊन गेले. हरभऱ्याचा एक डहाळा माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि सोलता सोलता म्हणाले, "कारण सांगतो. पण ते पोटात ठेवायचं. तसं हल्ली तुझ्या पोटात दुसरं काही टिकून न्हाई राह्यलं."

मग कळलं. लग्न होऊन मावशी नांदायला आली त्याच साली मानमोडीची साथ आली. घरोघर माणसं गेली. मावशीचा ताप उतरला, पण जाताना नाकाचा वास आणि जिभेची चव दोन्ही घेऊन गेला. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. एका दुपारी चुलीवर दूध करपत होतं, वास ओसरीवर मावसोबांपर्यंत आला, आणि आत जाऊन पाहतात तो ही बाई त्याच चुलीपुढे बसून निवांत भाकरी थापतेय. तेव्हा ते काय ते समजले, आणि काहीच न बोलता बाहेर आले. बोलतील कसे? त्यांची आई म्हणजे जहांबाज बाई. सुनेच्या हाताला चव नाही म्हणून तिनं भोकरदनकडची एक मुलगी दुसरेपणासाठी हेरूनसुद्धा ठेवली होती. सून कायमची अशीच राहणार हे कळायचा अवकाश, की मुंडावळ्या तयार. मावशीलाही हेच भय होतं, म्हणून तिनं नवऱ्यापासूनही लपवलं. "तिला वाटतं हे कुणालाच ठावं न्हाई," मावसोबा म्हणाले. "तसंच वाटू द्यायचं. मला कळल्तं, हे तिला बिलकुल कळू द्यायचं न्हाई."

आईच्या हयातीत मावसोबांनी काय करावं? आईचं पान वाढण्याआधी ते चोरून चुलीपाशी शिरत, सगळ्या भांड्यांत बोट घालत, आणि कुठे मीठ, कुठे गूळ, कुठे पाणी ढकलून सगळं जाग्यावर आणत. कुणी पाहिलं तर तोंडात घास कोंबून खादाडपणा करायला आल्याचं सोंग. सगळ्या गावात त्यांचं नाव हावरा म्हणून झालं. लग्नाच्या पंगतीत लोक त्यांना चिडवत, पोरंसोरं नक्कल करत, आणि हा गृहस्थ दात काढून हसत असे. ज्या दिवशी चुलीपाशी पोचायला उशीर होई, त्या दिवशी एखादा देश धावून येई. आई गेली, पण देश राहिले. मावशीला आता आपल्या हाताचा अभिमान वाटू लागला होता. आपण देशोदेशीचे प्रकार करतो असं ती शेजारणींना सांगायची. एवढं ऐकल्यावर मी खोली कसली पाहतोय? मी चार वर्षं तिथंच जेवलो. माझी प्रकृती तेव्हापासून जी मजबूत झाली ती आजतागायत आहे.

आता खरा घोर होता तो लेकीचा. ती दिसायला गोड, कामाला चपळ, आणि देवदयेनं तिच्या हाताला चव बापाची होती. पण आईचं गुपित फुटलं तर लोक काय म्हणणार? हे काही अंगातलं असेल, पोरीतही उतरलं असेल, म्हणणार. सोयरिकी एवढ्यावरून मोडतात. कुंभार पिंपळगावचं स्थळ चालून आलं आणि मुलाकडचे जेवायला येणार ठरलं, तेव्हा मावसोबांनी आठ दिवस आधीपासून बेत आखला. आमटी लेक करील, पोळ्या शेजारीण करील. मावशीकडे फक्त लाडू, कारण लाडवात ती बिघडवणार काय? पीठ भाजून ठेवलेलं होतं, गूळ आणि तूप मोजून काढलेलं होतं.

बिघडवणाऱ्याला वाव पुष्कळ असतो. फडताळात दोन सारख्या बरण्या होत्या. एकीत लाडवाचं भाजलेलं पीठ, दुसरीत येसर. येसर म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. लग्नाकार्यातल्या आमटीला लावतात ते भाजलेल्या धान्याचं पीठ, धने, मिरची, लवंग, दगडफूल सगळं घालून दळलेलं. नुसतं झाकण काढलं तरी शेजारच्या घरात शिंका येतात. मावसोबांनी येसराच्या बरणीला लाल दोरा बांधून ठेवलेला असे. मदतीला आलेल्या बायांनी आदल्या दिवशी फडताळ लख्ख करताना तो मळका दोरा काढून टाकला. आणि मावसोबा त्या सकाळी फाट्यावर पाहुण्यांना आणायला गेलेले.

पंगत बसली. मुलाच्या वडलांनी आमटीची तारीफ केली, पोळीची केली. मग मावशीनं मोठ्या हौसेनं स्वतः लाडू वाढले. पहिला घास घेतला तो मुलाच्या चुलत्यानं, म्हणजे तात्यांनी. त्यांचे कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि हात हवेतच राहिला. मी माझ्या लाडवाचा कण जिभेवर ठेवला आणि आत गुळाबरोबर मिरची आणि लवंग अशी काही हातात हात घालून आली, की मला मावशीच्या सासूबाईंचीच आठवण झाली. दाराआड मावशी उभी, चेहरा उजळलेला, कुणी काय म्हणतंय ते ऐकायला. लेक चुलीपाशी, चेहरा पांढरा पडलेला.

मावसोबांनी लाडू खाल्ला. शांतपणे पाट पश्चिमेकडे वळवला. "ह्याला खमाजी म्हणत्यात," ते म्हणाले. "अरबस्तानातला प्रकार हाय. मोठा पाहुणा आल्याबगर करत न्हाईत."

हे नाव त्यांनी त्याच क्षणी, घास गिळता गिळता तयार केलेलं होतं, हे मला पक्कं माहीत. मुलाचे वडील खूश होऊन म्हणाले, मग तर बराबर झालं, आमचे तात्या पहिल्या लढाईत पलटणीबरोबर चार साल बसऱ्यात होते, अरबांच्या घरी जेवलेले आहेत. मावसोबांना मी आयुष्यात पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. लेकीचं लग्न, बायकोची पंचवीस वर्षांची अब्रू आणि त्यांचं सगळं भूगोलज्ञान त्या एका माणसाच्या जिभेवर येऊन बसलं होतं. सगळी पंगत तात्यांकडे पाहत होती.

तात्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. उरलेला लाडू सावकाश संपवला. मग म्हणाले, "बिलकुल. हीच खमाजी. फक्त बसऱ्यात मिरची जराशी जास्त राह्यची."

आणि दुसरा लाडू मागितला! मावसोबा त्यांच्याकडे बघतच राहिले. नसलेला पदार्थ ज्यानं चार साल खाल्ला, त्याची जात त्यांनी ओळखली. पुढे सोयरीक जमल्यावर तात्यांनी कबूल केलं, की मुंबईच्या धक्क्यावरच त्यांना हगवण लागली, बोट गेली, आणि सगळी लढाई त्यांनी पुण्यात घोड्यांचं गवत मोजत काढली. परत आल्यावर गावानं बसरा विचारला, आणि नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. यावर मावसोबा म्हणाले, तुम्ही निदान मुंबई तरी पाहिली. त्या दिवसापासून दोघांचं असं मेतकूट जमलं, की विचारू नका.

मुलाकडच्यांनी लग्नात खमाजी पाहिजेच म्हणून आग्रह धरला. मावशीनं दोन डालग्या लाडू वळले. सगळं कुंभार पिंपळगाव रडत रडत अरबस्तानी लाडू खात होतं, आणि तात्यांसारख्या माणसाची शिफारस असल्यामुळे वाईट म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मावशी मांडवात राणीसारखी मिरवली. तिला इतकी सुखात मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात मावशी गेली. चार दिवस ताप आला आणि झोपेत गेली. दहाव्याला आम्ही ओढ्यावर जमलो. पिंड मांडला. समोरच्या बाभळीवर कावळा येऊन बसला, पण खाली उतरेना. जावई हात जोडून म्हणाला, तुमच्या लेकीला मी अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. तात्यांनी सांगितलं, नातवंडांची काळजी करू नका. नाहीच. उन्हं चढली, भटजी दर्भाचा कावळा करायला लागले. तेव्हा मावसोबा उठले. लोकांना वाटलं, आता काशीयात्रा कबूल करतील. ते पिंडापाशी उकिडवे बसले आणि अगदी हळू बोलले. मी मागेच उभा होतो म्हणून मला ऐकू आलं.

"मला ठावं होतं. तुला चव लागत न्हाई, वास येत न्हाई, पहिल्या सालापासून ठावं होतं. त्या देशांच्या थापाच होत्या गं समद्या. माफ कर."

ते उठायच्या आत कावळा खाली आला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, जावयाचं वचन लागू पडलं म्हणाले. मावसोबांनी कुणाला काही सांगितलं नाही.

परत येताना आम्ही दोघं मागे राहिलो. मावसोबा एकदम म्हणाले, "मास्तर, ती जिती असताना सांगायला पाहिजे होतं का रे? एवढे साल ती एकलीच भीत राह्यली."

मी "न्हाई" म्हणालो. लगेच म्हणालो, जराही न अडखळता. ते खरं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. मावसोबांनी मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात टेकून चालू लागले.