मागे कोण बसेल

वंदना गेल्याची बातमी मला गुरुजींनीच दिली. मी गॅलरीत चहा घेत बसलो होतो, फोन वाजला. "सुधाकर, वंदना गेली रे पहाटे. हार्ट अटॅक." मग ते थांबले. मला वाटलं, गहिवरले असतील, माणूस आहे शेवटी. पण ते खोकले, घसा साफ केला आणि म्हणाले, "रविवारी कार्यक्रम आहे आपला. मागे कोण बसेल, बघ जरा." फोन ठेवल्यावर मी तो चहा बेसिनमध्ये ओतला. त्या बाईला जाऊन अजून दोन तास झाले नव्हते, आणि तिची जागा भरायचं काम माझ्याकडे आलं होतं.

गुरुजींचं नाव मी लिहीत नाही. नाशिकमध्ये ज्यांना गाण्यातलं कळतं ते ओळखतील, आणि ज्यांना कळत नाही त्यांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवलेल्याच आहेत. मी त्यांचा पेटीवाला. दिवसभर ओझरच्या कारखान्यात विमानाच्या पत्र्यांना रिव्हेट मारायचे, कंपनीच्या बसने परत यायचं, हात धुवायचे आणि गंगापूर रोडला त्यांच्या क्लासात पेटीवर बसायचं, यात माझं अर्धं आयुष्य गेलं. वंदना त्यांची शिष्या. शिष्या म्हणजे काय, तर ते पुढे बसून गायचे आणि ती मागे तानपुरा घेऊन बसायची. मी बाजूला असल्यामुळे मला दोघंही दिसायचे. म्हणून हे लिहायचा हक्क माझा आहे असं मी समजतो. कुणाला राग आला तर येऊ दे.

तिला नामपूरहून तिच्या आईने आणलं होतं. वंदना तेव्हा नुकती बारावी झालेली, दोन वेण्या, हातात पिशवी. आईने गुरुजींसाठी घरचे कांदे आणले होते, चांगलं अर्धं पोतं. गुरुजी म्हणाले, "कांदे आत ठेवा, मुलगी इथे ठेवा." मुलगी सतरंजीवर बसली आणि तिने एक भजन म्हटलं. गावाकडचं, साधंच. पण वरच्या सा वर, आम्ही त्याला तार षड्ज म्हणतो, तिथे ती अशी सहज जाऊन उभी राहिली, की माझा भाता चालवायचा हात थांबला. गुरुजींनी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा म्हणाले, "गळा देवाने दिलाय, डोकं द्यायला विसरला. ते मी बघतो." क्लास हसला. सगळे हसतात म्हणून तिची आईही हसली. तिला बिचारीला कळलंच नव्हतं काय बोलणं झालं ते.

घरी त्यांची अहिराणी. त्यामुळे वंदनाच्या बोलण्यात मध्येच 'आहे'च्या जागी 'शे' यायचं. गुरुजी तिला उभं करायचे, तेच वाक्य परत म्हणायला लावायचे, आणि पोरं हसली की विचारायचे, "ख्यालात पण शे शे करणार का तू?" वर्षभरात ती आमच्या गंगापूर रोडसारखं बोलायला लागली. आईचा फोन आला की बाहेर जिन्यात जाऊन बोलायची. आई दर गुरुपौर्णिमेला यायची, गुरुजींच्या पाया पडायची आणि एकच प्रश्न विचारायची, "मन्ही पोर पुढे कव्हय बसी?" माझी पोर पुढे कधी बसणार. पहिल्यांदा गुरुजींनी मला विचारलं, काय म्हणते ही. मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "माउली, पुढे बसायला साधना लागते." पुढे पुढे तर ते तिने विचारायच्या आतच हे उत्तर द्यायला लागले. ती मान डोलवायची, पुढच्या वर्षी पुन्हा विचारायची.

आता साधना कुणाची होती ते सांगतो. साठीनंतर गुरुजींचा आवाज वर जाईना. खाली रुबाब तसाच, पण तार षड्ज आला की नुसती हवा. तेव्हा त्यांनी ती युक्ती काढली. मागे बसलेल्या शिष्याने मध्ये मध्ये गुरूला साथ करायची ही रीतच आहे, त्यात गैर काही नाही. यांनी काय केलं, तर सा जवळ आला की तोंड उघडायचं, डोळे मिटायचे आणि डावा हात मागे पसरायचा, तळवा वर. भीक मागताना करतात तसा. त्या हातावर वंदना सा ठेवायची. ती स्वर असा लावायची की तो गुरुजींच्या गळ्यातून आला असं वाटावं, धार कमी करून, थोडा खर्ज मिसळून. बाईच्या गळ्याला हे किती जड जातं ते गाणाऱ्या बायकांना विचारा. पुढे सभागृहात 'क्या बात है', आणि दोन दिवसांनी पेपरात, सत्तरीतही गुरुजींचा तार षड्ज तेजस्वी. खाली शेवटच्या ओळीत, तानपुऱ्यावर वंदना. ती ते वाचून हसायची. "दादा, निदान तानपुरा तरी माझा म्हणतात," असं म्हणायची. मला तिचं ते हसणं आवडायचं नाही.

मेलेल्या माणसाला देव करायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मी पाळणार नाही. वंदना स्वतः शिकवायला लागली तेव्हा तीही काही कमी नव्हती. नवख्या मुलांचा वर्ग गुरुजींनी तिच्यावर सोडला होता. एका मुलीला मी ऐकत असताना ती म्हणाली, "तुझा गळा हळदीच्या कार्यक्रमाला चालेल, इथे कशाला वेळ घालवतेस?" ती मुलगी रडत गेली ती परत आली नाही. मी म्हटलं, अगं, एवढं कशाला? तर म्हणाली, "मला कुणी असं वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं." तिने घडवलेली एक मुलगी, सा कशाला म्हणतात इथपासून शिकवलेली, वार्षिक कार्यक्रमात गुरुजींची शिष्या म्हणून पुढे बसून अर्धा तास गायली. मागे तानपुऱ्यावर वंदना. वंदनाची आई पहिल्या रांगेत बसून त्या मुलीकडे बघत होती.

आणि मग एकदाचं तिला बोलावणं आलं. शहरातल्या एका संगीत महोत्सवात, सकाळचं सत्र, एकटीचं गाणं. गुरूच्या आज्ञेशिवाय होकार द्यायचा नसतो, म्हणून ती विचारायला गेली. मी तिथेच होतो. गुरुजी म्हणाले, "गा. मी समोर येऊन बसतो." तिने इतक्या आनंदाने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं की मलाच कसंतरी झालं. महिनाभर ती आपल्या स्वतःच्या पट्टीत, तिच्या गळ्याला सोसेल अशा सा वर, रियाज करत होती. इतकी वर्षं त्यांच्या पट्टीत गाऊन गाऊन तिला स्वतःची पट्टी शोधावी लागली, हे किती वाईट आहे ते लिहून कळणार नाही. आईला नामपूरहून आणलं. आई नवं नऊवारी लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली आणि शेजारच्या बाईंना सांगत होती, ती पुढे बसलेली शे ना, ती मन्ही पोर.

वंदनाने तोडी राग सुरू केला. मी पेटीवर. काय सांगू... इतकी वर्षं दाबून ठेवलेला गळा हळूहळू उघडत होता आणि लोक खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. ती तार षड्जाकडे निघाली. आता तो तिच्या स्वतःच्या नावाने लागणार होता. आणि तेवढ्यात सभागृहाचं दार उघडलं आणि गुरुजी आले. अर्धा तास उशिरा. आपल्यात गुरू आले की शिष्याने गाणं थांबवून, उठून पाया पडायचं. ती थांबली. खाली उतरली, पाया पडली. गुरुजींनी तिला उठवलं, खांद्यावर हात ठेवला आणि तिच्याबरोबर तेच मंचावर चढले. माइक हातात घेऊन म्हणाले, "आज माझ्या लेकीचा दिवस आहे. आम्ही दोघं मिळून सेवा करतो." टाळ्या सुरू झाल्या. मग ते तिच्या जागेवर बसले आणि हळूच म्हणाले, "सरक मागे." आणि विंगेतून त्यांचा ड्रायव्हर दोन तानपुरे घेऊन आला. गुरुजींचे. त्यांच्या पट्टीत लावून तयार. मला एवढंच विचारायचं आहे, समोर बसून ऐकायला येणाऱ्या माणसाच्या गाडीत लावलेले तानपुरे कशाला लागतात?

वंदना मागे सरकली. थोड्या वेळाने हात मागे आला, तळवा वर, आणि तिने त्यावर सा ठेवला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. गुरू-शिष्य परंपरा म्हणे. एका बाईंनी तर डोळे पुसले. कार्यक्रम संपल्यावर आई मंचाजवळ आली आणि लेकीला विचारलं, "व्हयनं का तुन्हं गानं?" झालं का तुझं गाणं? वंदना म्हणाली, "व्हयनं, माय." त्या पहिल्या वर्षानंतर चारचौघांत तिच्या तोंडून अहिराणी मी तेव्हाच ऐकली. परतताना रिक्षात मी तिला विचारलं, सरकलीस कशाला? नाही म्हणायचं होतंस. ती म्हणाली, "दादा, मी ठरवलंच नाही. त्यांनी सरक म्हटलं आणि मी सरकलेली होते." त्यानंतर तिला कुणी एकटीला बोलावलं नाही. ती गुरुजींशिवाय गात नाही, इतकी निष्ठा आहे, असं सगळीकडे झालं. ते कुणी पसरवलं, मला माहीत आहे.

ती गेली त्या रविवारी मागे बसायला कुणी मिळालं नाही, कार्यक्रम रद्द झाला. मग शोकसभेत गुरुजी बोलले. "वंदना माझी सावली होती," म्हणाले, "आणि सावलीला स्वतःचा आवाज नसतो, तीच तिची थोरवी." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी एक गृहस्थ 'वा' म्हणाले. शोकसभेत वा. मी उठून बाहेर गेलो.

मग गेल्या आठवड्यात तिच्यासाठी स्वरांजली ठेवली. फ्लेक्सवर गुरुजींचा फोटो मोठा, तिचा कोपऱ्यात. मागे कुणी बसणार नव्हतं. तिची जागा रिकामी ठेवायची अशी गुरुजींचीच कल्पना, तिथे तिचा तानपुरा हार घालून आडवा ठेवलेला, आणि सुराला बाजूला इलेक्ट्रॉनिक तानपुरा. मला म्हणाले, "सुधाकर, वरचा सा तू पेटीवर भरून काढ. जोरात धर, म्हणजे झालं." मी हो म्हणालो. आई पहिल्या रांगेत होती. आता तिला नीट दिसत नाही, तिचा मुलगा हाताला धरून घेऊन आला होता.

गुरुजींनी मारवा घेतला. या रागात सा लवकर भेटत नाही, वाट बघायला लावतो. त्यांनीही बघायला लावली, खालच्या स्वरांवर खूप वेळ फिरले, आणि शेवटी वर निघाले. धैवत झाला. तोंड उघडलं. डोळे मिटले. आणि डावा हात मागे गेला, तळवा वर. सवय. ती तिथे नाही हे त्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. माझं बोट सा च्या पट्टीवर होतं. नुसतं दाबायचं होतं, आयुष्यभर दाबत आलो तसं. मी बोट उचललं. भाताही सोडला.

सभागृहात त्या मशिनचा आवाज तेवढा चालू होता. तोंड उघडं टाकलेला एक म्हातारा, आणि त्याच्या गळ्यातून आवाज येत नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाने पाहिलं. तबलेवाला माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पहिल्या रांगेकडे पाहिलं. म्हातारीने मान वर केली होती, कान देऊन ऐकत होती. मग तिने मुलाला विचारलं, घरात विचारावं तसं, पण त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं:

"आठे मन्ही पोर गाये ना?"

इथे माझी पोर गायची ना.  मग मीच मंचावरून उत्तर दिलं. "हो आई. इथेच गायची."

गुरुजींनी डोळे उघडले. हात अजून मागेच होता, तळवा वर.