झुंबरबाईची पळी

चाळीसगावजवळच्या एका गावात कानाचं काही झालं की लोक झुंबरबाईचं दार गाठत. तिच्या चुलीशेजारी खिळ्याला लहानशी लोखंडी पळी टांगलेली असे. कानात किडा शिरला की ती तिळाचं तेल कोमट करी, आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघी, मग कानात सोडी. किडा मरून वर येई. हरभऱ्याचा दाणा अडकला असेल तर मात्र थेंबही टाकत नसे. ओला झालेला दाणा आत फुगतो. मार लागून रक्त आलं तर तोच कान खाली करून निजवायचं, वरून धुतलेलं फडकं लावायचं, आत काही घालायचं नाही. आईनं शिकवलेलं हे तिनं तीस वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या साली, कापूसवेचणीच्या दिवसांत, तिच्या मुलानं, पंडितनं, भाकरी करपली म्हणून बायकोच्या कानाखाली मारली. कुंदाबाई जागेवरच बसली. कानातून रक्ताचा बारीक ओघळ मानेवर आला. झुंबरबाई फडकं घ्यायला उठली, तोवर ओरडणं ऐकून शेजारची तानुबाई दोघी-तिघींना घेऊन दारात उभी.

"काय जायं व?"

"कानमा किडा घुसना," झुंबरबाई म्हणाली. मुलाचं नाव तिच्या तोंडातून निघेना.

"मंग तेल टाक ना, माय. देखत काय बसनी? का सूनसाठे तेल मोजी ऱ्हायनी?"

बायका हसल्या. झुंबरबाईनं पदरानं ओघळ टिपून घेतला आणि पळी काढली. सवयीनं मनगटावर थेंब टाकला. कुंदाबाईनं तिचा हात घट्ट धरला, पण चारचौघींत बोलली नाही. तेल आत गेलं तशी ती किंचाळली.

"किडा कुठे शे?" तानुबाईनं वाकून पाहिलं.

"आतमाच मरना," म्हणत झुंबरबाईनं ओसरीवरच्या ढिगातला कापूस चिमटीनं घेऊन कान बंद केला.

तिसऱ्या दिवशी उशीला वास येऊ लागला. सहाव्या दिवशी कानामागं गाठ आली, कान पुढं ढकलल्यासारखा दिसू लागला. ताप उतरेना. विचारायला येणाऱ्या प्रत्येकीला झुंबरबाई सांगे, किडा कुजलाय. नवव्या दिवशी कुंदाबाईची मान वळेना, तेव्हा पंडितनं गाडी जुंपली.

चाळीसगावच्या डॉक्टरांनी कापूस काढला आणि नाकाला रुमाल लावला. "काय गेलं होतं कानात?"

पंडित दाराशी उभा होता. झुंबरबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "काही गेलं नव्हतं. यानं मारलं. रक्त आलं. आणि मी त्यावर तेल घातलं."

डॉक्टरांनी कुंदाबाईच्या मानेखाली हात घालून पाहिला. मग म्हणाले, "पू डोक्यात शिरलाय, बाई."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तीच गाडी कुंदाबाईचं प्रेत घेऊन परत आली.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाआधी पंडितची दुसरी बायको घरात आली. सोळा वर्षांची, कानांत नवी फुलं. पहिल्याच सकाळी झुंबरबाईनं तिला चुलीपाशी बसवलं. पंडित खाटेवर तंबाखू मळत होता.

"आईक," झुंबरबाई त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "यानी हात उचला ते घरमा रडू नको. आंगनमा ये आन वरड. मी तेल टाकाव नही."

पंडितचा अंगठा तळहातावरच थांबला. नव्या सुनेनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग चुलीशेजारच्या, पळी उतरवलेल्या मोकळ्या खिळ्याकडे, आणि डोक्यावरचा पदर कानांवर ओढून घेतला.