अध्यक्षाच्या बायकोचे दोन गुण

माझे दाजी चांगदेव, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, केसरताईचे यजमान, हे जन्मजात पुढारी. फक्त निवडून कधी आले नाहीत. दर ग्रामपंचायतीला उभे राहायचे, पडायचे आणि पडल्यावर गावाचीच अक्कल काढायचे. थळच्या रस्त्याला लागून आमचं आगऱ्यांचं गाव. दाजींचे दोन डंपर चालतात, पोटापाण्याला कमी नाही. कमी होती ती सरपंचाच्या खुर्चीची, आणि तिच्यापायी हा माणूस झुरायचा.

त्यांचा मुलगा प्रणय नोकरीसाठी पनवेलला गेला आणि जुना लॅपटॉप घरी ठेवून गेला. त्यात एक गेम होता. आख्खा देश चालवायचा: पक्ष काढा, मंत्री नेमा, कर लावा, वर्तमानपत्रं सांभाळा, निवडणूक जिंका. दाजी त्यात असे बुडाले की ताटातली आमटी निवायला लागली. मी मिनिडोर रिक्षा चालवतो. अलिबागच्या फेऱ्या संपल्या की त्यांच्याकडे चहाला टेकतो, त्यामुळे मलाही ते सगळं बघावं लागायचं. खोटं कशाला बोलू, गेम बनवणाऱ्याचं डोकं मोठं. त्यातला एखादा मंत्री दुखावला की वर्षानुवर्षं डूख धरून बसतो. धरण आज बांधा, शिव्या आजच मिळतात आणि पाणी पुढच्या पिढीला. आमच्या नळयोजनेवरूनच हे उचललंय की काय, असं मला वाटायचं.

पण लंगडी बाजूही होती. एक कायदा करायला इतकी बटणं दाबायची की तेवढ्यात खरं सरकार पडेल. आपण जरा बलाढ्य झालो की विरोधक एकदम मठ्ठ होतात, आणि खेळणाऱ्याला वाटतं, आपल्यासारखा हुशार आपणच. मतदार म्हणजे नुसते नकाशावरचे रंग. हिरवे आपले, लाल त्यांचे, पिवळे कुंपणावरचे. त्यांना ना सासर, ना माहेर, ना भावकी. लग्नाचं आवतण आलं नाही म्हणून तिथं कुणी रुसत नाही. असल्या गावात राज्य करायला काय जातंय!

एकदा धुण्याची बादली घेऊन जाता जाता ताईनं विचारलं, ह्यात अध्यक्षाची बायको काय करते? दाजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, ती असली की लोकप्रियतेचे दोन गुण वाढतात. ताई बरं म्हणाली आणि धुणं वाळत घालायला गेली.

नेमकं त्या वर्षी सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. दाजींनी ताईचा अर्ज भरला. तिची सही घेतली, तिला विचारलं मात्र नाही. उभी ती असली तरी कारभार मीच बघणार, असं पारावर सांगत सुटले. समोर उभी होती पलीकडच्या आळीतली ठमी.

दाजींनी भिंतीवर गावाचा नकाशा लावला आणि आळ्या रंगवल्या. हिरव्या आळीत वेळ घालवायचा नाही, ते आपलेच. लाल आळी ठमीची, तिथं पाय ठेवायचा नाही. सगळा जोर पिवळ्यांवर. आमची भावकी सगळी हिरव्या आळीत. ती वाट बघून बघून फुगली, पण गेममध्ये फुगण्याला बटण नव्हतं.

आता केसरताई आमच्या गावची धवलारीण. आमच्यात लग्नाचे धवले ती गाते, आणि तिनं गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. प्रचाराच्या ऐन धामधुमीत ठमीच्याच लेकीची हळद निघाली. गावात दुसरी धवलारीण नाही. दाजींची कळी खुलली. ह्याला नाकाबंदी म्हणतात, म्हणाले. शत्रूची रसदच तोडायची. केसरनं जायचं नाही, मांडव सुना पडू दे, ठमीची नाचक्की होऊ दे.

माझं डोकंच फिरलं. दुश्मनी ठमीशी, तर पोरीनं काय घोडं मारलंय? मी तसं तोंडावर बोललो. दाजींनी मला मिनिडोर चालवायचा सल्ला दिला.

हळदीच्या दिवशी ताईनं लुगडं नेसलं, अंबाडा घातला, फुलं माळली आणि पुढच्या दारानं निघाली. दाजी उंबऱ्यात आडवे उभे राहिले. गेलीस तर निवडणूक गेलीच समज, म्हणाले.

"पोरीची हळद हाय ती," ताई म्हणाली. "आज न्हाय गेले, तर निवडून येऊन तरी कुणाच्या दारात जाऊ?"

दाजी बाजूला झाले. ती शिरली तसा ठमीच्या मांडवातला बेंजो थांबला. ठमीला वाटलं होतं, ही यायची नाही. बिचारीनं पाट पुढं केला. ताईनं धवले गायले, नवरीला हळद लावली, मताबिताचं अक्षर काढलं नाही. मग ठमी रडली, आणि रडता रडता तिनं ताईच्याही दोन्ही गालांना हळद फासली. ताई तशीच गावातून घरी आली. दाजी एकदा तिच्याकडे बघत, एकदा नकाशाकडे. त्यांच्या हिशेबानं आता बायकोच कुंपणावरची झाली होती.

ताई निवडून आली. हिरव्या आळीनं रुसून थोडी मतं कापली, ती लाल आळीतल्या बायकांनी भरून काढली. ठमीनं स्वतः मत कुणाला दिलं, हे ती अजून सांगत नाही, नुसती हसते. दाजींनी मात्र हार स्वतःच्या गळ्यात घालून घेतला आणि नाकाबंदी कशी कामी आली ते पारावर समजावून सांगितलं.

पहिल्या दिवशी ताईच्या आधी दाजीच पंचायतीत पोचले. सरपंचाच्या खुर्चीत बसले, तिच्या हातांवरून हात फिरवला, ग्रामसेवकाला चहा सांगितला. इतक्या वर्षांची हौस, चेहरा नुसता फुलला होता. मला क्षणभर त्यांची दयाच आली. मागून ताई आली. दारात गावातल्या बायका उभ्या होत्या, त्यांत ठमीही होती.

"उठा," ताई म्हणाली. "तुमच्या खेळात अध्यक्षाच्या बायकोला दोन गुण तरी होते. हितं सरपंचाच्या नवऱ्याला तेवढे पण न्हाईत."

दाजी उठले. चहा आला, तो ताईपुढे गेला. दाजी दाराजवळच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. खुर्चीकडे बघत मला हळूच म्हणाले, "बुधाजी, गेममध्ये हे नव्हतं रे."