शिवीचं भाषांतर

नवरा गेला, मग शाळेतून निवृत्त झाले, आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही. सीमेपलीकडं, कन्नड मुलखातल्या हळ्ळीखेडच्या मराठी शाळेत मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. तेव्हा बोलून बोलून घसा बसायचा. आता सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द झाले की संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं कारण नसे. दिवाळीला कलबुर्गीहून भाचा आला होता. त्यानं स्वयंपाकघरात मोबाईल स्टँडवर लावून दिला आणि म्हणाला, "आत्या, सैपाक करताना बोलत जा. ऐकणारे भेटतील."

भेटले. पहिला व्हिडिओ पुंडीच्या भाजीचा केला. अंबाडीला आमच्याकडं पुंडी म्हणतात. मी आमच्या बोलीतच बोलायची, "आता कण्या शिजायल्यात बगा, हलवत ऱ्हावा." लातूर-उदगीरकडचे, नोकरीसाठी लांब गेलेले लोक खाली लिहायचे. पुण्याची एक बाई तर दर वेळी लिहायची, "अक्का, तुमचा आवाज ऐकला की आई आठवते." मी तिला उत्तर द्यायची. तिची मुलं, तिच्या सासूचं दुखणं, सगळं मला कळत गेलं. तिचा चेहरा तेवढा कधी पाहिला नव्हता.

हिवाळ्यात स्वयंपाकघरात उजेड कमी पडायला लागला, म्हणून एकदा भाकरी दाखवायला शेगडी पुढच्या खोलीत आणली. मागच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे. माझ्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हापासून तो आमच्या घरात आहे, माझ्या लग्नात माझ्याबरोबर आला. व्हिडिओत तो दिसेल हे माझ्या ध्यानातही आलं नाही. तो घरात होता, म्हणून दिसला.

"मागं फोटो कुणाचा आहे?" असं एकानं विचारलं. मी सरळ सांगितलं. दुसऱ्यानं लिहिलं, "म्हणजे तुम्ही त्या." त्यानंतर भाकरीबद्दल कुणी बोललंच नाही. माझ्या हातावर, माझ्या आईवर, तिच्याही आईवर लोक लिहीत राहिले. पुण्याच्या बाईचं त्या व्हिडिओखाली काहीच आलं नाही. जुने व्हिडिओ उघडून पाहिले, तर तिथलं तिचं लिहिणंही गेलेलं. तिनं पुसलं, का खातंच बंद केलं, मला आजही माहीत नाही. शिव्या वाचताना मला रडू आलं नव्हतं. तेव्हा आलं.

भाचा फोनवर म्हणाला, "कमेंट बंद कर आत्या, सोडून दे." मी सोडूनही दिलं असतं. पण मोटारसायकलचा फोटो लावलेल्या एका खात्यावरून आलं, "ही एकटीच राहते. हिच्या घरामागच्या नळाला कुणी तोंड लावू नका." नळ मी कधी व्हिडिओत दाखवला नव्हता. म्हणजे लिहिणारा गावातलाच होता. त्या दिवशी परसात भांडी घासताना मी सारखी मागं वळून बघत होते.

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले. कामकाज कन्नडात. फौजदार शांतपणे म्हणाले, यातलं तक्रारीचं कुठलं, ते तुम्हीच वेगळं करून द्या. मी मोबाईल घेऊन बाकावर बसले. 'भाकरी जाड झाली', सोडलं. 'धर्म सोडला, चुकलं तुमचं', हे लागलं, पण ते त्याचं मत, तेही सोडलं. 'हिच्या हातचं खाल्लं तर आंघोळ करावी लागंल', हे ठेवलं. नळाचं आणि एकटीचं ठेवलं. वर्गात मी 'भाषणस्वातंत्र्य' लिहून त्याखाली 'वाजवी बंधने' लिहायची, मुलं घोकायची, आणि तास संपायचा. इथं एकेका ओळीवर अंगठा ठेवून मी ठरवत होते, आणि बरोबर का चूक हे विचारायला शेजारी कुणी नव्हतं.

तक्रार टाइप करणारी पोलीस बाई तरुण होती. तिला मराठी येत नव्हती. "कन्नडदल्लि हेळ्री, अक्का," ती म्हणाली. कन्नडात सांगा. कन्नड मला येतं. बाजार, बँक, बस सगळं त्याच भाषेत चालतं. पण त्या भाषेत मी कधी कुणाला शिवी दिली नव्हती. आता लोकांनी मला दिलेली शिवी मीच तिच्यासाठी नीट लावून सांगायची होती. एका शब्दाशी मी अडले. तिनं अर्थ विचारला. मी म्हणाले, "गावातलं मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम माझ्या आज्याकडून करून घेत होते. ते ह्या शब्दात आहे."

तिची बोटं थांबली. "आमच्याकडंही असा शब्द आहे," ती हळू म्हणाली. पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली आणि पुढं टाइप करायला लागली.

काही आठवड्यांनी मला ठाण्यात बोलावलं. मोटारसायकलच्या फोटोचं खातं ज्याचं होतं तो बाकावर बसलेला. आमच्याच गल्लीतला, बी-बियाणांचं दुकान चालवणारा, रोज जाता-येता "नमस्कार टीचरअक्का" म्हणणारा माणूस.

"अक्का, सगळेच लिहायलते, म्या बी लिवलो," तो म्हणाला. "मनातलं बोलायचं न्हाई का माणसानं?"

"बोल की. मी कुठं अडवलेय? पण माझा नळ कुठं हाय, मी एकटी हाय, हे जगाला सांगणं म्हंजे तुझं मत हाय का?"

तो खाली बघायला लागला. "फोटू दिसला आन् डोस्कं फिरलं."

"रोज नमस्कार करत व्हतास. तवा ठाऊक नव्हतं का मी कोण हाय?"

"ठाऊक व्हतं," तो म्हणाला.

त्यानं हात जोडले. फौजदारांनी माझ्याकडं पाहिलं. "माफी मागितलास, बरं केलास," मी म्हणाले. "तक्रार मातर मागं घेणार न्हाई."

गुन्हा नोंद झाला. त्याची बायको मला बघून पदर सावरत दुसऱ्या बाजूनं जायला लागली. वाणी सामान देतो, पण 'कशा हाव अक्का' विचारत नाही. वस्तीतल्या आमच्या लोकांनी येऊन शाबासकी दिली, चहा घेतला, आपापल्या कामाला गेले. मी व्हिडिओ करणं चालू ठेवलं आहे, त्याच पुढच्या खोलीत. कमेंट मात्र भाच्याला सांगून बंद केल्या. आता खाली शिवीही येत नाही आणि कुणाला आईही आठवत नाही.

कोर्टाची तारीख असली की मी सकाळच्या बसनं तालुक्याला जाते. तोही त्याच बसनं येतो, दुसरी सोयीची बस नाही. मी पुढं बायकांच्या सीटवर, तो मागं. दोघांचं तिकीट एकाच गावाचं. बहुतेक वेळा पुढची तारीख मिळते. परत येताना तो फाट्यावर माझ्या आधी उतरतो आणि भराभरा चालत पुढं जातो. मी थोडं थांबते, त्याला वळणाआड जाऊ देते, आणि मग चालायला लागते.